ओतिलियाबाईंच्या दोन वाट्या

"डॉक्टर, आई गेली," ओतिलियाबाईंची मुलगी नुबिया फोनवर म्हणाली. "शांतपणे गेली. डॉक्टरांची वस्तू डॉक्टरांना परत करा म्हणाली, नाहीतर तो म्हातारा देवाच्या दारापर्यंत माझ्या मागे येईल."

डॉ. एवारिस्तो ओयोस हसले आणि लगेच चष्मा काढून डोळे पुसू लागले.

डोंगरावरच्या मानिसालेस शहरातल्या त्या इस्पितळात ही रीत त्यांनीच पाडली होती. खुबा बदलायच्या आधी ते प्रत्येकाला विचारत, "तुम्ही गेल्यावर हा सांधा मला परत द्याल?" लोक आधी दचकत, मग हसत आणि हो म्हणत. डॉक्टरांचं सगळं संशोधन या परत आलेल्या सांध्यांवर उभं होतं. माणूस आयुष्यभर चढ चढला की आतलं प्लास्टिक किती झिजतं, हे त्यांच्याइतकं त्या देशात कोणालाच ठाऊक नव्हतं.

ओतिलियाबाई मात्र सगळ्यांहून वेगळ्या. तरुणपणीच त्यांचे दोन्ही खुबे गेले होते, आणि डॉक्टरांनी ते एकाच बैठकीत बदलले. डावीकडे परदेशाहून आलेली साधी प्लास्टिकची वाटी, मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो ती. उजवीकडे डॉक्टरांची स्वतःची, तशाच प्लास्टिकची, त्याच मापाची. फक्त कर्करोगाच्या विभागातल्या, किरण देणाऱ्या कोबाल्टच्या यंत्राखाली रविवारी रविवारी ठेवलेली. किरणांनी प्लास्टिक चिवट होईल, असं त्यांना वाटत होतं. दिसायला दोन्ही वाट्या जुळ्या. आदल्या संध्याकाळी ऑपरेशनच्या टेबलाच्या दोन बाजूंच्या गाड्यांवर, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, अशा त्या मांडून, झाकून ठेवल्या होत्या.

त्या दिवसाची गोष्ट ओतिलियाबाई चौकात आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजता भाजता गिऱ्हाइकांना सांगत.

"मी या डॉक्टरांना म्हटलं होतं, मेले तर डोंगर बघत मरेन, खिडकीकडे तोंड करून निजवा. तर ऐन वेळी यांचं डोक्याशी ठेवायचं भुलीचं यंत्र रुसलं! दुसरं आणलं, तर त्याची वायर पोचायची ती फक्त खिडकीपाशी! मग काय, माझं डोकं खिडकीकडे आणि पाय दाराकडे; मी तेवढी उलटी, बाकी सगळं जिथल्या तिथे. डोंगर राहिला मागे. शेवटचं काय दिसलं, तर दाराला टांगलेलं मोरी पुसायचं फडकं!"

"पण मेला नाहीत ना?" डॉक्टर म्हणत.

"फडक्याच्या भीतीने जगले."

दरवर्षी एक्स-रे निघे. उजवीकडची वाटी पातळ होत गेली. डावीकडची जशीच्या तशी राहिली. डॉक्टरांनी वाट पाहिली, पुन्हा मोजलं, आणि मग आपली कल्पना चुकली असं स्वतःच जाहीर केलं. भरल्या सभागृहात ते म्हणाले, "या बाईच्या उजव्या पायाचा मी अपराधी आहे." आपली हार अशी उघड सांगणारा सर्जन लोकांनी पाहिला नव्हता. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. सगळे नुसते उभे राहिले.

पुढे बाई काठी घेऊन चालू लागल्या. पुन्हा शस्त्रक्रिया करू म्हटलं, तर ऐकेनात.

"राहू द्या. परदेशी पायावर नाचते, तुमच्या पायावर गुडघे टेकते. दोन्ही लागतात बाईमाणसाला."

डावा पाय हे तर नवलच होतं. तीच परदेशी वाटी इतरांच्यात दहा-पंधरा वर्षांत झिजायची. ओतिलियाबाईंच्यात नाही. "ती बाईच तशी आहे," डॉक्टर म्हणत. "तिच्या अंगात प्लास्टिकसुद्धा म्हातारं व्हायला घाबरतं."

अलीकडे त्यांच्या हाताखालची डॉ. हिमेना त्यांच्या मागे लागली होती.

"सर, बाहेर सगळे किरण दिलेल्या वाट्याच बसवतायत. चांगल्या टिकतायत म्हणे. आपल्याकडेच बंदी का?"

"म्हणे!" डॉक्टर म्हणाले. "माझा पुरावा रोज चौकात लंगडत जातो, पोरी. सांधा हातात येऊ दे. वाटी का झिजली ते कळू दे. मग बंदी उठवायच्या कागदावर सही करायची की नाही, बघू."

"तोवर माझ्या पेशंटांनी काय करायचं? दुसऱ्यांदा कापून घ्यायचं?"

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले होते.

आता सांधे आले. हिमेनाने दोन्ही वाट्या धुऊन पांढऱ्या फडक्यावर ठेवल्या. उजवी एका बाजूला इतकी पातळ झाली होती, की पलीकडून उजेड दिसत होता. डावीत तिने बोट फिरवलं, आणि पुन्हा फिरवलं. या शहरात सपाट रस्ता नाही. आरेपांची टोपली घेऊन बाई आयुष्यभर चढल्या-उतरल्या, पाच लेकरं कडेवर वागवली, दर जत्रेत नाचल्या. आणि ही वाटी काल घडवल्यासारखी. घडवताना पडलेल्या बारीक रेघासुद्धा अजून जागेवर होत्या.

"सर, हे... हे होऊच कसं शकतं?"

"हात जोड," डॉक्टर हळूच म्हणाले. "वाटीला नाही. बाईला."

नोंद पुरी करण्यासाठी एकच चाचणी उरली होती. दोन्ही वाट्यांची एकेक कपची उकळत्या द्रावणात टाकायची. साधं प्लास्टिक त्यात विरघळून जातं. किरण दिलेलं फुगतं, पण राहतं.

"उजवीकडची राहील, डावीकडची जाईल," डॉक्टर म्हणाले. "लिहून टाक. मग नुबियाकडे जाऊ. तिच्या आईची माफी मागायची राहिली, निदान तिची तरी मागतो."

"उकळू तर द्या, सर."

ते कोट चढवून दारात थांबले. हिमेना नळ्यांवर वाकली होती.  मग तिने दोन्ही नळ्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या.

"सर," ती म्हणाली, "उजवीकडची विरघळली. डावीकडची राहिली."