पट्टी उतरवली

ट्रम्पेटवाल्याने इस्त्री केलेला लाल कोट वहिनींसमोर ठेवला आणि म्हणाला, "दुसरा कुणीतरी बघा. माझं आता संपलं."

रविवार सकाळची तालीम सुरू व्हायची होती. बँड वहिनींचा, त्या अॅकॉर्डियन वाजवायच्या. ट्रम्पेटवाला त्यांचा धाकटा दीर.

"अहो भावजी, झालं काय?"

त्याने ओठ फाकवून दाखवले. समोरचे दात नवे, एकसारखे, पांढरेशुभ्र. "कवळी बसवून पंधरा दिवस झाले. वरचा सूर लागतच नाही. नुसती हवा जाते. घरी सराव करत होतो, तर बायको म्हणते, कुकरची शिट्टी बिघडली वाटतं."

ड्रमवाला पोटापाण्याला टेलर होता. त्याने कोट उचलून उलगडला. "हा मी तुझ्या पोटाच्या मापाने शिवलाय. नव्या माणसाला एवढं पोट कुठून आणू?"

कुणी हसलं नाही. शनिवारी कार्यक्रम होता, आणि बाराही गाण्यांची सुरुवात ट्रम्पेटनेच व्हायची.

"खालचा लागतो का?" कोपऱ्यातून मास्तरांनी विचारलं. मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचं आणि ट्रम्पेटवाल्याचं वीस वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. अगदी खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरसुद्धा नाही.

"खालचा लागतो. पण आपली गाणी सगळी वरच्या पट्टीतली."

"मग पट्टी उतरवू."

"बाराच्या बारा? सहा दिवसांत? आणि तुमची बोटं? परवाच तर दुखतात म्हणून कण्हत होता."

"माझ्या बोटांचं मी बघतो." मास्तरांनी क्लॅरिनेट जोडायला घेतलं. "तू बडबड थांबव आणि फुंक."

वहिनींनी अॅकॉर्डियनचे पट्टे खांद्यांवर चढवले. पहिलं गाणं खाली घेतलं आणि सगळा सावळागोंधळ झाला. वहिनींची बोटं सवयीने जुन्याच जागी जायची. मास्तर तीनदा चुकले, आणि तिन्ही वेळा त्यांनी रागाने ट्रम्पेटवाल्याकडेच बघितलं. टेलर तेवढा मजेत होता. ड्रमला कसली आलीय पट्टी!

चौथ्यांदा ट्रम्पेटमधून सूर निघाला. जाडसर, जरा फाटका, पण सलग. ट्रम्पेटवाल्याने डोळे मिटून घेतले. बाकीचे तिघे त्याच्या श्वासाच्या बेताने, सावकाश, गाण्याच्या शेवटापर्यंत गेले.

गाणं संपलं तेव्हा खालून रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. वहिनी खिडकीशी गेल्या. समोरच्या दुकानात टायर बदलणारा माणूस हातातला पाना तसाच धरून वर बघत होता.

"वहिनी, नवीन गाणं बसवताय का?"

वहिनींनी वळून मास्तरांकडे बघितलं. मास्तर बोटं चोळत बसले होते.

"हो म्हणून सांगा," ते म्हणाले. "आणि म्हणावं, अजून अकरा आहेत."