नसलेला ट्रायँगल

"ट्रायँगल जरा कमी करा," काचेमागून सिक्स्टन आल्मार्क माइकवर म्हणाला. "फार टोचतोय."

हॉलमध्ये एक्केचाळीस वादक बसले होते. एकानेही मान वर केली नाही. कारण ट्रायँगल वाजलाच नव्हता. ती पोलादी त्रिकोणी सळी वाजवणारा रुटगर सकाळपासून आलाच नव्हता. तालवाद्यांची जागा लाकडी पडद्याआड होती. ती रिकामी आहे हे काचेमागच्या खुर्चीतून दिसायची सोय नव्हती. ऐकायची होती.

पहिल्या व्हायोलिनवरच्या हेडविगने काचेकडे पाहिलं. सिक्स्टनशेजारी ध्वनिमुद्रणाच्या टेबलाशी इल्वा बसली होती. सव्वीस वर्षं ती तिथेच बसत आली होती. तिने नकारार्थी मान हलवली. अगदी थोडी, डोळ्यांवरचे केस झटकावेत इतपत.

"हो सिक्स्टन," हेडविग म्हणाली. "कमी करायला सांगते."

चाळीस वर्षांत सिक्स्टनने शंभरावर प्रेतांना संगीत दिलं होतं. आमचे चित्रपट बहुधा प्रेतापासूनच सुरू होतात, आणि बर्फात प्रेत सापडलं की मागे काय वाजायला हवं हे अख्ख्या गॉथेनबर्ग शहरात त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. उरलेल्या वेळात तो गायकांच्या रेकॉर्डी काढी. एका गायिकेचा बूट करकरतो म्हणून त्याने तिला ऐन जानेवारीत अनवाणी गायला लावलं होतं. रेकॉर्ड तुफान खपली. गायिका महिनाभर शिंकत होती.

असा कान. आणि तो कान चुकला की वादक त्याला सोडत नसत. एकदा तो ओबोला बासरी म्हणाला. पुढचे कित्येक दिवस हॉर्नवाले दारातच त्याला आपली ओळख करून देत होते: "आम्ही हॉर्न. हे पितळेचं असतं."

दोन वर्षांपूर्वी वरचे स्वर त्याला ऐकू येईनासे झाले. हे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याला कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे असलं काही माणसाच्या तोंडावर सांगणं म्हणजे न विचारता त्याच्या बागेत शिरण्यासारखं समजतात. सिक्स्टन मिक्सिंगमध्ये वरचे स्वर इतके चढवून ठेवी की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत. तो घरी गेला की इल्वा ते गुपचूप खाली आणी. उतारवयात आल्मार्कच्या संगीतात संयम आला आहे, असं समीक्षकांनी लिहिलं. सिक्स्टनने ते वाचून कात्रण घडी करून खिशात ठेवलं, तेव्हा इल्वा खिडकीबाहेर बघत होती.

आज त्याला एक उत्तर द्यायचं होतं. तीन चित्रपटांचं संगीत, तीन वर्षांचा करार. निर्माती आठवडाभर मागे लागली होती. "रेकॉर्डिंग झालं की सांगतो," असं त्याने सकाळीच तिला कळवलं होतं. त्याचं उत्तर काय असणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. सिक्स्टनला दुसरं काही येतच नव्हतं. त्याला साधे बटाटेही उकडता येत नसत.

तोच तुकडा पुन्हा वाजवला गेला. ट्रायँगल अर्थातच पहिल्याइतकाच वाजला.

"आता कसं," सिक्स्टन म्हणाला. "आता नीट बसला. रुटगरला सांगा, छान."

"सांगतो," मागून ट्रॉम्बोनवाला म्हणाला.

"त्याच्या घरी जाऊन," शेजारचा पुटपुटला. हेडविगने वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो तोंडासमोरचं वाद्य उगीचच पुसत बसला.

कॉफीच्या सुट्टीत सगळे हळू आवाजात बोलत होते. एरवी ज्यांचं जेवायच्या वेळेवरूनही एकमत होत नसे, अशी एवढी माणसं न ठरवता एका सुरात खोटं बोलली होती. त्याचं त्यांना जरा कौतुकच वाटत होतं. हेडविगने डोळे टिपले. वेलदोड्याचे बन नेहमीपेक्षा लवकर संपले.

सिक्स्टन कोट घालूनच बाहेर आला. दारात उभा राहून त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"आज फार प्रेमाने वागलात सगळे," तो म्हणाला.

"तब्येत बरी आहे ना, म्हाताऱ्या?" ट्रॉम्बोनवाल्याने विचारलं. कुणी हसलं नाही.

सिक्स्टन इल्वाकडे वळला. "पुढचं तू बघ. आणि निर्मातीला कळव, मी नाही म्हणतोय."

"वेड लागलंय का तुला? कालपर्यंत हो म्हणणार होतास."

"काल मला ठाऊक नव्हतं."

"काय ठाऊक नव्हतं?"

त्याने मफलर गळ्याभोवती दोनदा गुंडाळला, हेडविगच्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि तो निघून गेला. दाराचा आवाज होऊ नये म्हणून त्याने ते सावकाश लोटलं. तो आवाज मात्र त्याला ऐकू आला असता; खालच्या स्वरातला, जाड होता.

अशा वेळी कुणावर तरी चिडणं सोपं असतं. इल्वाने रुटगरला फोन लावला.

"कुठे मेला होतास रे आज? वर्षभर एक खाडा नाही, आणि नेमका आजच? तुझ्यापायी इथे काय काय झालं, माहीत आहे?"

"अगं, सिक्स्टननेच सकाळी फोन केला होता," रुटगर म्हणाला. "येऊ नकोस म्हणाला. म्हणाला, 'मी आज नसलेल्या ट्रायँगलला नावं ठेवणार आहे. ते सगळे मला हसले, तर तिथून थेट तुझ्याकडे केक घेऊन येतो.' मी केव्हाची कॉफी करून ठेवलीय. निघाला का तो?"