पाय धुण्याचा गुरुवार

“ही कंपनी मी नाही, प्रभू येशू चालवतो,” असं विश्रांतवाडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक शमुवेल पाटोळे सांगत. अमेरिकेहून पाहुणे येणार असले, की तेवढे दिवस ते स्वतः चालवत.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पाटोळेसाहेब सगळ्यांसमोर एका कर्मचाऱ्याचे पाय धुवत. यंदा गेटवरच्या बापूरावांना खुर्चीत बसवलं.

“अहो साहेब, पाप लागेल मला.”

“आज मी सेवक, बापूराव.” साहेबांनी त्यांचा बूट काढला. पाय टम्म सुजलेला. “हे कशानं?”

“दिवसभर उभा असतो ना. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून आपणच स्टूल काढायला लावलंत.”

साहेबांची मान खालीच होती. आता ती वर येईना.

“साहेब, पाय राहू देत,” बापूराव हळूच म्हणाले. “तेवढं स्टुलाचं बघा.”