मूळ जर्मनमधून

“तू फक्त मान हलव. बोलायचं काम माझं,” शिरीष म्हणाला आणि त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

सुचित्राने लगेच मान हलवली. दारापुढे पोलिसांची गाडी येऊन थांबली होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

रविवारी संध्याकाळी आयर्लंडमधल्या या गॉलवे शहरात, समुद्राकाठच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्याला कुणीतरी उडवलं होतं. म्हातारा जागच्या जागी गेला. गाडी थांबलीच नाही. लॉकडाउनमुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी चंदेरी होती, एवढंच काय ते पोलिसांना कळलं होतं.

चंदेरी गाडी यांच्याही दारात उभी होती. डावा दिवा फुटलेली.

“फाटकाला घासली म्हणून सांगतो,” शिरीष भराभर बोलत होता. “आणि रविवारी आपण दोघंही घरी. टीव्हीवर तो जर्मन सिनेमा लागला होता ना, खुनाचा, तो बघत होतो. ऐक, तुला गोष्ट सांगून ठेवतो.”

“मला नको शिकवूस!” ती खेकसली. भीतीच एवढी होती, की चिडल्याशिवाय आवाज फुटेना. “ज्या कादंबरीवरून काढलाय ना तो, ती अख्खी वाचलीये मी. मूळ जर्मनमधून. क्लासला होती आम्हाला.”

हे मात्र खरं. पुण्याची मुलगी, त्यात जर्मन शिकलेली! ‘मूळ जर्मनमधून’ हे ऐकल्याशिवाय त्या घरातून एकही पाहुणा सुटला नव्हता.

“अगं, पण...”

“पुरे, शिरीष. सगळं पाठ आहे मला.”

त्याने विषय सोडला. रविवारपासून तो तिच्याशी फार गोड वागत होता. चहा करून द्यायचा, जरा पड म्हणायचा. तिला कुठली झोप! डोळे मिटले की म्हाताऱ्याची ती लाल लोकरी टोपी समोर यायची. उजवा खांदा अजून ठणकत होता. तिने त्यावर शाल ओढून घेतली.

“सांगून टाकूया का रे?”

“वेडी आहेस का? तुरुंग आहे तुरुंग! आणि वर आपली पोरगी झोपलीये, तिचं काय?”

बेल वाजली.

गार्डा, म्हणजे इथली पोलीस, मास्क लावलेली तरुण बाई होती. दोघांशी वेगवेगळं आणि बाहेर उघड्यावर बोलायचं, म्हणाली. आधी तिने शिरीषला गाडीपाशी नेलं. सुचित्रा जीव मुठीत धरून दारात उभी राहिली. शब्द ऐकू येत नव्हते. शिरीष हातवारे करत होता. एकदा तर चक्क हसला. मेल्याला हसू तरी कसं येतं, तिला वाटलं.

मग गार्डा तिच्याकडे आली.

“ठीक आहे. घाबरू नका. रविवारी संध्याकाळी कुठे होतात?”

“घरीच. दोघंही. टीव्हीवर सिनेमा बघत होतो. जर्मन.”

“अरे, तो मीपण पाहिला! शेवट कसा वाटला?”

सुचित्राचा जीव भांड्यात पडला. विचारून विचारून काय विचारलं, तर तिला पाठ असलेलंच! किती दिवसांनी तिचा आवाज मोकळा झाला.

“फार खरा शेवट आहे. खून केलेल्या त्या बाईला लेकीच्या डोळ्यांत बघवत नाही. मग ती आपल्या पायांनी पोलिसांत जाते आणि सगळं कबूल करते.”

गार्डाने वहीचं मागचं पान उलटून पाहिलं.

“सिनेमात ती कबूल करत नाही,” ती म्हणाली. “बोटीत बसून निघून जाते. तुमच्या नवऱ्याने अगदी बरोबर सांगितलं.”

सुचित्राने गाडीकडे पाहिलं. शिरीष मान खाली घालून उभा होता.

“ते घरी होते, हे पटलं मला,” गार्डा हळू आवाजात म्हणाली. “तुम्ही कुठे होतात?”