कोठीतली कात

कळसाडी गावच्या तापीबाईंच्या धान्याच्या कोठीत सापाची अख्खी कात होती. कात असली की कोठीतलं धान्य सरत नाही, अशी घराची श्रद्धा. ती कात होती परदेशातून येऊन पसरलेल्या सापाची, आणि तो साप नेमका ओळखता यावा म्हणून जनुकीय खूण शोधणाऱ्या संशोधक कामिनीचं सगळं काम त्याच कातेवाचून अडलेलं. “आजी, हा साप आपला नाही. परदेशी लाकडांच्या ट्रकमधून आलाय.” “मंग काय झायं? आम्हना वाडवडील बी गुजरातथीन गाडामा बसीसन उनात.” “पण तो इथल्या सापांना खातो!” “मन्ही सासू बी मले खावाले उठे. तिले घरमाईन काढं का मी?” कामिनीने हात जोडले. शेवटी आजींनी कात्रीने बोटभर शेपटी कापून दिली. कामिनीने पाकिटावर नमुन्याचं गाव लिहिलं. चष्मा लावून आजींनी ते वाचलं आणि शेजारणीला हाक मारली, “देख वं, लिखी दिन्हं! साप कळसाडीनाच शे!”