झोळीचा दांडा

वेल्ह्याच्या डोंगरातल्या धनगरवाडीतून आजाऱ्याला झोळीत घालून एसटीच्या रस्त्यापर्यंत न्यायचं, तर दांड्याला दोघं आणि बदलीला दोघं, असे चार तरणे गडी लागायचे. पिंपरीला जर्मन कंपनी आली, तिच्या आसऱ्यानं आणखी कारखाने निघाले आणि वाडीतली पोरं एकामागून एक तिकडं गेली. शेवटी चौघंच राहिले. त्यातल्या गेणूलाही बोलावणं आलं.

"आये, म्या गेलो तर तिघंच उरत्यात. तुला काय झालं तर?"

"मला काय धाड भरलीय? जा तू," म्हणत सारजाबाईनं भाकरी बांधून दिली.

आठवडाभरानं उरलेले तिघं तिच्या अंगणात येऊन खाली मान घालून उभे राहिले. हैबती म्हणाला, "काकू, तिघांच्यानं झोळी रस्त्यापातूर जायची न्हाई. मग आमी तरी हितं कशापायी थांबावं?"

"जावा," सारजाबाई म्हणाली.

ते गेल्यावर तिनं आढ्याला अडकवलेला झोळीचा दांडा काढला, कुऱ्हाडीनं त्याचे तुकडे केले आणि एक तुकडा शेजारच्या म्हाताऱ्या अक्काबाईच्या हातात दिला.

"टेकायला धर. आता खाली जायचं ते आपल्याच पायानं."