खेकड्याच्या कवचातला गुडघा

नव्या गुडघ्यावर कुमुदताई दारापर्यंत चालत गेल्या. बाहेर तळमजल्यावरच्या जानकीबाई नाखवा शहाळं घेऊन उभ्या होत्या. जिन्यात मासळीचा वास येतो, म्हणून त्यांच्याविरुद्ध सोसायटीत दिलेल्या अर्जावर पहिली सही कुमुदताईंचीच होती.

सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, “खेकड्याच्या कवचापासून स्पंजासारखी जाळी बनवली आणि तिच्यात तुमच्याच पेशी वाढवून ही कूर्चा केली. कवचं तुमच्याच इमारतीतल्या नाखवाबाई पुरवतात.”

“आत या ना,” कुमुदताई कशाबशा म्हणाल्या.

“नको ताई, बाजारातून तशीच आलेय. घरात वास राहील.” जानकीबाईंनी शहाळं उंबऱ्यावर ठेवलं. “गुडघा दुखत नाही ना आता?”

शहाळं उचलायला कुमुदताई खाली बसल्या. गुडघा जराही दुखला नाही. मान मात्र वर करवेना.